टिकाऊ खात्याचे इनासभाऊ

कंपनीने इनासभाऊंना व्हिजिटिंग कार्डांचा एक अख्खा डबा छापून दिला होता, पण त्यातलं एक तरी कार्ड त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. कार्ड जाड आणि गुळगुळीत होतं. झाडांच्या सालीपासून केलेल्या खास कागदाचं, असं हेड ऑफिसने कळवलं होतं. इनासभाऊंनी त्यातली पाच-सहा एकावर एक ठेवून तीन नंबरच्या पंपाच्या पायाखाली सारली. तो पंप बरीच वर्षं थरथरत होता.

"कागद चांगला आहे," थोडा वेळ पंपावर हात ठेवून ते म्हणाले. "आता गप बसलाय."

कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं: इनास मच्याडो, प्रमुख, सस्टेनेबिलिटी. तो शब्द आमच्या कारखान्यात कुणालाच धड उच्चारता येत नव्हता. शेवटी पॅकिंगमधल्या बायकांनी त्याचं 'टिकाऊ खातं' करून टाकलं आणि तेच चिकटलं. पहिल्या आठवड्यात दोन कामगार आपले फाटलेले सेफ्टी बूट घेऊन त्यांच्याकडे आले. बूट टिकाऊ नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. इनासभाऊंनी ती लिहून घेतली आणि महिनाभरात नवे बूट मिळवून दिले. टिकाऊ खात्याचं ते पहिलं यश. मी ते अहवालात लिहिलं होतं, हेड ऑफिसने काढून टाकलं.

आमचा कारखाना नालासोपाऱ्याच्या पूर्वेला. सरबतं, सॉस आणि जॅम काचेच्या बाटल्यांत भरून देशभर पाठवायचे. कंपनी मोठी, मालकवर्ग मुंबईत. मी ॲडमिनमध्ये. विरारहून रिक्षाने यायचं आणि दिवसभर अहवाल लिहायचे, ही माझी नोकरी. इनासभाऊ मेंटेनन्सचे फोरमन होते, वसईतल्या निर्मळ गावचे. घरची केळीची आणि चाफ्याची वाडी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात खडूचा तुकडा, हातात एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावून ते उभे राहायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. मग सांगायचे, "आत कचरा अडकलाय, उजवीकडे वळतो तिथं." उघडून बघितलं की कचरा तिथंच निघायचा.

ते प्रमुख कसे झाले, तेही सांगते, कारण मी तिथं होते. एका सकाळी हेड ऑफिसची मेल आली. प्रत्येक कारखान्याने पर्यावरणाचा प्रमुख नेमून आज पाचच्या आत नाव कळवावं. आमचे प्लांट मॅनेजर करंदीकर साहेब मेल वाचून वैतागले. नेमकं त्या वेळी इनासभाऊ त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर चढून गळणारा एसी दुरुस्त करत होते.

"इनास, तू रिटायर कधी होतोस?"

"पुढच्या जूनमध्ये, साहेब."

"म्हणजे अजून वर्ष आहे. सावंतबाई, ह्याचंच नाव टाका."

इनासभाऊ स्टुलावरून उतरलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "फोरमनचं काम कोण करणार?"

"तूच. हे काय काम थोडंच आहे?"

त्यांना खोली मिळाली ती मोडक्या खुर्च्या ठेवायची. खुर्च्या तिथंच राहिल्या, कारण त्या टाकायला वरून मंजुरी लागत होती. इनासभाऊ बाटल्यांच्या पालथ्या क्रेटवर बसायचे. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, जे काय दाखवायचं ते खडूने फरशीवर काढून दाखवायचे. सफाईवाल्या मावशींना तो नकाशा पुसायला बंदी होती. त्यामुळे त्या खोलीत जाताना आपण आधी बॉयलर ओलांडायचो, मग पाण्याची टाकी, मग त्यांच्यापर्यंत पोचायचो.

त्यांची आणखी एक सवय होती, सुकेळीची. राजेळी केळं सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी वसईची खासियत, आणि इनासभाऊंच्या घरची तर फारच चिवट. केळीच्या सोपटात बांधलेली एक गुंडाळी कायम त्यांच्या पिशवीत असे. मीटिंगमध्ये कुणी फार लांबण लावली की ते प्रेमाने एक तुकडा पुढे करत. तोंडात सुकेळी असताना माणसाला बोलता येत नाही. निदान पाच मिनिटं तरी नाहीच. तेवढ्यात बाकीच्यांचं काम होऊन जाई. आमच्या परचेसच्या माणसाला तर ती रोज लागायची.

अहवालाचा नमुना वरूनच आला होता. त्यात एक चौकट होती: 'शुद्ध न करता बाहेर सोडलेलं पाणी'. तिच्यात आधीच शून्य भरलेलं होतं आणि ती चौकट कुलूपबंद होती. म्हणजे तिथं शून्याशिवाय काही लिहायचं म्हटलं तरी कॉम्प्युटर ऐकत नव्हता. मी ते इनासभाऊंना दाखवलं. एरवी ते अशा गोष्टींवर काहीतरी बोलायचे. त्या दिवशी बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले.

"हे कुणी भरलं?"

"वरूनच आलंय."

"वरून खालचं दिसतं त्यांना," ते म्हणाले आणि उठून गेले.

आपलं पाणी कुठून कुठं जातं ते दाखवा, असं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळा कारखाना फिरवला. फळं धुण्याची जागा, कढया, बाटल्या धुण्याचं लांबलचक यंत्र. शेवटी ईटीपी, म्हणजे सांडपाणी स्वच्छ करायचा प्लांट. तिथल्या टाक्यांत काय होतं, किती वेळ लागतो, सगळं नीट समजावून दिलं. मग बाटल्यांच्या यंत्रामागच्या कोपऱ्यात एक लोखंडी झाकण आलं आणि ते त्याला वळसा घालून पुढे गेले.

"इथं काय आहे?"

"काय नाही. पावसाचं पाणी."

तेव्हा जानेवारी चालू होता आणि झाकणाखालून पाण्याचा आवाज येत होता. मी आणखी विचारलं नाही. मी अहवाल लिहिणारी बाई आहे. काय विचारू नये ते मला कळतं.

त्याच महिन्यात हेड ऑफिसहून बक्षी साहेब आले. सगळ्या कारखान्यांच्या पर्यावरणाचे ते मुख्य. चाळिशीचे, पायात महागडे कॅनव्हासचे बूट, बोलणं गोड. आम्हाला राजोडीच्या किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर 'नेतृत्व आणि सहयोग' या विषयाच्या दोन दिवसांच्या शिबिराला नेलं. तिथं आमचे गट पाडले, प्रत्येक गटाला शंभरेक कागदी पेले दिले आणि सगळ्यांनी मिळून सर्वांत उंच मनोरा बांधायला सांगितलं. समुद्राचा वारा असा होता की मनोरा उभाच राहीना. इनासभाऊंनी आपल्या गटाला पेले पाण्याने भरून बुडाशी मांडायला सांगितले. आमचा मनोरा टिकला. बक्षी साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "यालाच म्हणतात लीडरशिप" म्हणाले. संध्याकाळी ते सगळे पेले रिसॉर्टच्या मागच्या खड्ड्यात गेले. इनासभाऊ तिथपर्यंत जाऊन ते बघून आले.

शिबिरात 'स्टेकहोल्डर' हा शब्द सारखा येत होता. परतीच्या गाडीत पॅकिंगच्या सुपरवायझरने त्याचा अर्थ विचारला. करंदीकर म्हणाले, भागधारक. मी म्हणाले, हितसंबंधी. इनासभाऊ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आपण करतो ते ज्याच्या अंगाला लागतं, तो."

बक्षी साहेबांनी निघताना एक काम दिलं होतं. प्रत्येक कारखान्याने आपले स्टेकहोल्डर बोलावून एक बैठक घ्यायची, ते स्वतः हजर राहतील. करंदीकरांनी ठरलेली यादी काढली: दोन माजी नगरसेवक, एका शाळेचे मुख्याध्यापक, रोपवाटिकेवाले. पुष्पगुच्छ, फोटो, ढोकळा. इनासभाऊ म्हणाले, "एक माणूस मी आणतो."

त्यांनी आणली एक म्हातारी. जवळच्या गास गावची, सत्तरीच्या पुढची. लाल काठाचं लुगडं, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. तिला त्यांनी पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. मार्थाबाई एवढंच नाव त्यांनी मला यादीत लिहायला सांगितलं.

बक्षी साहेब हिंदी-इंग्रजीत बोलत, मी ते मराठीत आणि लोकांचं त्यांना हिंदीत करून सांगत होते. सगळ्यांनी कंपनीची स्तुती केली. मग पाळी मार्थाबाईंची आली. बक्षी साहेबांनी विचारलं, "माँजी, आमच्या कंपनीला तुम्ही एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?"

मी ते मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला गुन देता येत नाय. मी शाळेत गेले नाय."

"ठीक आहे. मग तुमची भावना सांगा," बक्षी साहेब म्हणाले आणि भावना का महत्त्वाच्या असतात यावर स्वतःच बोलायला लागले. इनासभाऊ हळूच पुढे झाले आणि त्यांच्यासमोर सुकेळीचा तुकडा धरला. साहेबांनी सभ्यपणे तोंडात टाकला. खोली शांत झाली.

"आमचं बावखल हाय वाडीत," मार्थाबाई म्हणाल्या. "जुनं तळं. सासऱ्याच्या आजाने खणलेलं. त्याच्या जोरावर विहिरीला पानी. तुमच्या बाजूचा नाला रेल्वेखालून येतो आनि आमच्या बांधाला लागून जातो. आधी त्यात पोरं मासे धरायची. आता त्याला फेस येतो, वर आंबूस वास. बावखलात पन उतरलाय. मी सकाळी बादली वर काढते आनि आधी वास घेते. गुरांना द्यायचं का नाय ते ठरवते."

बक्षी साहेब चघळत होते.

"तो आमच्या कारखान्याचाच नाला कशावरून, आजी?" करंदीकरांनी विचारलं. "इथं पन्नास कारखाने आहेत."

"मला नाय माहीत कुनाचा. ह्याला विचारा." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "हा माझा भाऊ. लहानपनी मीच वाढवला. दर रविवारी चर्चातली मिस्सा झाली की माझ्याकडे जेवायला येतो. तीन वर्षं झाली, माझ्याकडे पानी मागत नाय. बाटली घेऊन येतो घरून. मी विचारते का रे, तर म्हनतो डॉक्टरने सांगितलंय."

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही, मला जमलंच नाही. इनासभाऊ भिंतीपासून पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, आणि त्यांचं वाक्य न वाक्य मी साहेबांना हिंदीत सांगितलं.

"साहेब, दुसरी बाटल्यांची लाइन टाकली तेव्हा पाणी वाढलं. ईटीपी पहिल्या लाइनपुरताच आहे. मोठा करायचा प्रस्ताव मी पाठवला होता, वर अडकला. मला सांगितलं, जादा पाण्याला वाट काढ. बाटल्यांच्या मशीनमागे व्हॉल्व्ह आहे, तो नाल्यात उघडतो. तो मीच बसवलाय."

बक्षी साहेबांनी सुकेळी गिळली. त्यांचा एक गुण सांगितला पाहिजे, ते मनापासून भारावून जात. उभे राहून त्यांनी इनासभाऊंचा हात धरला आणि एवढ्या धैर्याने आपली दुर्बलता मांडल्याबद्दल त्यांचे आभार मानले. असा संवाद हीच आपल्या कंपनीची संस्कृती आहे, असंही म्हणाले. मग सगळ्यांचा फोटो झाला. मार्थाबाईंना पुष्पगुच्छ दिला. त्यांनी तो उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही फुलं निर्मळचीच."

त्यानंतर व्हॉल्व्हसाठी एक समिती नेमली गेली. समितीला नाव हवं म्हणून एक बैठक झाली. बोधचिन्ह हवं म्हणून दुसरी. तिसऱ्या बैठकीत ठरलं की ईटीपी वाढवण्याचा प्रस्ताव नव्याने मागवावा. तो मीच टाइप केला. जुनाच होता, फक्त तारीख बदलली. व्हॉल्व्ह चालूच होता.

इनासभाऊ त्या दिवसांत वेळ मिळाला की आपल्या खोलीत जात. क्रेटवर बसून फरशीवर खडूने रेघा मारत, पुसत, पुन्हा मारत. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, इकडे उभ्या राहा. नाही, बॉयलरवर नको, इकडे. हे बाटल्यांचं मशीन. आधी धुण्याच्या सोड्याचं पाणी, ते घाण, ते ईटीपीलाच गेलं पाहिजे. पण शेवटी बाटली खंगाळतो ते पाणी बघा. क्षार काढून मऊ केलेलं, गरम, जवळपास स्वच्छ. सगळ्यांत जास्त पाणी तेच. ते चांगलं पाणी आपण घाणीत घालतो, मग घाण मावत नाही म्हणून नाल्यात सोडतो. चांगलं पाणी बाजूला काढलं तर ईटीपी आहे तेवढाच पुरतो."

"पण ते चांगलं पाणी न्यायचं कुठं?"

त्यांनी खडूने एक जाड रेघ मारली. ती आमच्या कारखान्याची मागची भिंत होती. तिच्या पलीकडे एक चौकोन काढला.

पलीकडे कापड रंगवणारी कंपनी होती, तीही आमच्याइतकीच मोठी. त्यांना दिवसभर गरम, मऊ पाणी लागायचं आणि ते तापवायला ते लाकडं जाळायचे. दोन्ही कंपन्यांत वर्षानुवर्षं दावा चालू होता. भिंत कुणाच्या जागेत हातभर सरकली आहे, हा वादाचा मुद्दा. त्यामुळे दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नव्हतं, फक्त वकिलांनी बघितलेलं. पण त्याच भिंतीवरून इनासभाऊ आणि पलीकडचे बॉयलरवाले इस्माईलभाई वीस वर्षं एकमेकांना गॅस्केट, फ्यूज आणि ईदचा शीरखुर्मा देत आले होते. नाताळात इकडून करंज्यांसारख्या नेवऱ्या जात. एकदा तर त्यांचा पंप जळाला तेव्हा आमचा जादाचा पंप दोरीने भिंतीपलीकडे उतरवला होता आणि आठ दिवसांनी तसाच परत आला होता, धुऊनपुसून.

इस्माईलभाईंना इनासभाऊंनी भिंतीवरूनच विचारलं. इस्माईलभाईंनी हातातला पाना भिंतीवर ठेवला. मग म्हणाले, "पाइप किती इंची?"

आता राहिले करंदीकर. इनासभाऊ त्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी तिथं सह्या घेत होते.

"साहेब, रविवारी मागच्या भिंतीजवळ थोडं काम काढलंय."

करंदीकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी इनासभाऊंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कॅलेंडरकडे.

"कसलं काम ते मला सांगू नकोस. रविवारी मी पुण्याला आहे. भाचीचा साखरपुडा आहे."

"बरं साहेब."

"सोमवारी पण आहे साखरपुडा."

"दोन दिवस पुरतील," इनासभाऊ म्हणाले.

मी त्या रविवारी उगीच गेले, फाइल राहिली आहे असं घरी सांगून. दोन्हीकडची मेंटेनन्सची माणसं होती, भंगारातले पाइप होते. आमच्या बाजूने छिन्नी चालत होती, त्यांच्या बाजूनेही. मध्ये एक वीट निघाली आणि भोकातून इस्माईलभाईंचा चेहरा दिसला. दोघं वीस वर्षांत पहिल्यांदा मान वर न करता एकमेकांशी बोलले. काय बोलले? "तुझी बाजू अर्धा इंच खाली आहे." "तुझी वर आहे."

सोमवारी संध्याकाळी पाणी सोडलं. पलीकडून इस्माईलभाईंनी हात दाखवला. मग इनासभाऊ बाटल्यांच्या मशीनमागे गेले, लोखंडी झाकण उचललं, आत उतरून व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक काढून घेतलं आणि तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड केला. वेल्डिंगची ठिणगी त्यांच्या शर्टावर पडली. ते बाहेर आले तेव्हा खांद्याजवळ छोटं भोक पडलेलं होतं. कुणालाही हात न लावू देता त्यांनी झाकण परत बसवलं आणि थोडा वेळ त्यावरच बसून राहिले.

पाइप दोन महिने सुरळीत चालला. इस्माईलभाईंची लाकडं वाचत होती, आमचा ईटीपी मोकळा श्वास घेत होता. मग कुणीतरी भिंतीचा फोटो वकिलांना पाठवला. हेड ऑफिसच्या कायदा विभागाचं पत्र आलं: ज्यांच्याविरुद्ध दावा चालू आहे त्या पक्षाला कंपनीची मालमत्ता, म्हणजे गरम पाणी, विनापरवाना दिल्याबद्दल इनास मच्याडो यांची चौकशी. चौकशी पुरी होताच पाइप बंद करावा. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते.

चौकशीला मुंबईहून दोन अधिकारी आले. नोंद घ्यायला मी होते. करंदीकरांनी सांगितलं, ते पुण्याला होते, आणि साखरपुड्याचे फोटो दाखवले. मग इनासभाऊंना विचारलं.

"भिंत फोडायला परवानगी कुणाची होती?"

"नाल्यात व्हॉल्व्ह बसवायला ज्यांची होती, त्यांचीच समजा."

"ती परवानगी लेखी आहे?"

"नाही साहेब. तीपण तोंडीच होती."

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या एकाने मला खूण केली, हे लिहू नका. मी लिहिलं. माझ्या नोकरीत मी केलेलं तेवढंच धाडस, आणि तेही फार मोठं नव्हतं, कारण ती वही नंतर कुणी मागितलीच नाही.

मागितली नाही कारण मध्येच बक्षी साहेब धावून आले. उद्योगांनी आपसात सहयोग करून पर्यावरण जपावं यासाठी मुंबईत कसलीतरी मोठी परिषद होती. तिथं बक्षी साहेबांना बोलायचं होतं आणि त्यांच्याकडे उदाहरण नव्हतं. समितीचं बोधचिन्ह होतं, पण तेवढ्यावर वीस मिनिटं बोलता येईना. कुणीतरी त्यांना सांगितलं की नालासोपाऱ्याला एक पाइप आहे. ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. भिंतीतल्या भोकाजवळ बराच वेळ उभे राहिले. इनासभाऊंनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या कानाला लावून दिला आणि आतलं पाणी ऐकवलं. साहेबांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी बघितलं.

त्याच आठवड्यात चौकशी मागे घेतल्याचं पत्र आलं. पाइपाला हिरवा रंग मारला. भोकाभोवती संगमरवरी चौकट बसवली. तिच्यावर दोन्ही कंपन्यांची चिन्हं आणि 'सहयोग सेतू' अशी पाटी. भिंतीचा दावा मात्र चालूच राहिला. फक्त चौकटीएवढी जागा वादातून वगळावी, असा अर्ज दोन्ही वकिलांनी मिळून केला. तीस वर्षांत दोघांनी मिळून केलेला तो पहिलाच अर्ज.

परिषदेत बक्षी साहेबांना सन्मानचिन्ह मिळालं. ते पलीकडच्या कंपनीच्या मालकांच्या हातात हात घालून मंचावर उभे होते. इस्माईलभाईंनी तो व्हिडिओ मोबाइलवर बघून मला विचारलं, "ये मेरे सेठ के साथ कौन है?"

अहवालाच्या पानावर मी इनासभाऊंचं आणि इस्माईलभाईंचं नाव लिहिलं होतं. वरून बदलून आलं: 'आमच्या समर्पित चमूने'. व्यक्तीपेक्षा संघ मोठा, असा शेराही होता. मी ते पान घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मला वाईट वाटतंय," मी म्हणाले.

"मला नाही. माझं नाव आलं असतं तर पहिल्या पानावर व्हॉल्व्हचंही लिहावं लागलं असतं. अर्ध्या हिशेबाचं कौतुक मला पचत नाही." त्यांनी पान परत दिलं. "त्या बैठकीनंतर मार्थाबायला घरी जाऊन सांगितलं मी सगळं. व्हॉल्व्ह कुणी बसवला ते तिला चारचौघांत ऐकावं लागलं, आधीच सांगायला पाहिजे होतं. ती तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. चौथ्या दिवशी बोंबील पाठवले."

"आणि पाणी?"

"दोन पावसाळे जातील. बावखल घाईने बिघडत नाही आणि घाईने सुधारत नाही." मग म्हणाले, "ती म्हणते, मी जगले तर बघेन."

निरोपसमारंभात करंदीकरांनी भाषण केलं. त्यात नेतृत्व हा शब्द इतक्यांदा आला की पॅकिंगच्या बायका बोटांवर मोजू लागल्या. इनासभाऊंना शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप दिलं. त्यांनी रोप मावशींना दिलं, कुंडीसकट. नवा प्रमुख कोण, ते ठरलं नव्हतं. पाचच्या आत नाव कळवायची मेल अजून आलेली नव्हती.

पुढल्या नोव्हेंबरमध्ये मी निर्मळला गेले. यात्रेचे दिवस होते, देवळाकडच्या रस्त्यावर गर्दी होती, म्हणून रिक्षा लांब सोडून वाड्यांमधल्या पायवाटेने चालत त्यांच्या घरी पोचले. ते अंगणात चाफ्याची फुलं टोपलीत रचत होते. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. त्यांच्या पत्नीने मला खुर्ची दिली, चहा ठेवते म्हणाल्या. आम्ही कारखान्याचं बोललो. पाइप चालू आहे. इस्माईलभाईंनी त्याच्यावर आपल्याकडून गोणपाट गुंडाळलंय, पाणी निवू नये म्हणून. हिरवा रंग झाकला गेला, त्यावरून बक्षी साहेबांची मेल आली होती.

ते हसले. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. तिशी-पस्तिशीचे दोघं उतरले, अंगावर दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचे निळे गणवेश. त्यातला एक चाचरत म्हणाला, "इनासभाऊ तुम्हीच का? आम्ही गोखिवऱ्याहून आलो. आमच्याकडे पण असंच एक पाणी आहे. म्हणजे, तसंच. नाल्यात जातं ते. व्हॉल्व्ह आम्हीच बसवलाय. कुणाला विचारायचं ते कळेना."

इनासभाऊंनी दोघांना नीट बघून घेतलं. कुणी पाठवलं, साहेब कोण, कंपनी कुठली, काही विचारलं नाही.

"जेवलात?"

"नाही."

"मग आधी जेवा."

"शिफ्ट सुटायच्या आत बघितलं असतं तर बरं झालं असतं. नंतर मशीन बंद होतं, मग दिसत नाही."

त्यांनी हात झटकले, आत जाऊन शर्ट घालून आले. पत्नी चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी उभ्या उभ्या दोन घोटांत संपवला. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसा, जेवून जा. ही चांगली कालवणं करते." आणि त्या दोघांच्या मध्ये, पँटचा दुमडलेला काठ एका हाताने धरून, ते मोटरसायकलवर बसले. पुढचा पोरगा काहीतरी समजावून सांगत होता, मागचा मान पुढे काढून त्यात भर घालत होता, आणि इनासभाऊ काही न बोलता ऐकत होते. केळींच्या मधल्या अरुंद वाटेवरून ते तिघं गेले. वळणावर गाडी जरा डगमगली, इनासभाऊंनी पाय खाली टेकवून ती सावरली, आणि मग दिसेनासे झाले.